पावसाळ्याआधीच्या मीटिंगला बसणाऱ्या साहेबांना आणि मॅडमना खुलं पत्र

साहेब, मॅडम, नमस्कार.

हे पत्र नक्की कोणाच्या नावाने लिहायचं यावरच आमच्या गटात बराच वेळ वाद झाला. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे जिल्ह्याच्या प्राधिकरणाचे अध्यक्ष कलेक्टर, पण पूर आला की धरणातून पाणी सोडणार पाटबंधारेवाले, शहरात माणसं हलवणार महापालिका, पंचनाम्याला येणार तलाठी, बंदोबस्ताला पोलीस, आणि ज्या शाळेत आम्हाला नेऊन ठेवतात तिची किल्ली आणखी कोणाकडे तरी. मग एक ताई म्हणाली, अगं दरवर्षी पावसाच्या आधी यांची एक मीटिंग होते ना, पेपरात फोटो येतो, त्या टेबलाभोवती जेवढे बसतात तेवढ्या सगळ्यांना एकच पत्र टाक. म्हणून हे.

मी नाशिकच्या पंचवटीत राहते, ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते, आणि बचत गटाचा हिशेब लिहिते. पत्रात जे लिहिलंय त्यातलं काही माझं आहे आणि बरंचसं वाघाडीकाठच्या, नासर्डीकाठच्या, जुन्या नाशकातल्या वाड्यांमधल्या बायकांचं आहे, ज्या माझ्याकडे कपडे टाकायला येतात आणि बसून बोलतात. कोणाचं नाव लिहिणार नाही, कोणत्या शाळेचंही लिहिणार नाही, कारण मला तक्रार करून कोणा एकाला अडकवायचं नाहीये, पुढच्या वेळेला नीट व्हावं एवढंच आहे.

आपल्या नाशिकला पूर नवीन नाही. १९६९ चा म्हातारी माणसं सांगतात, २००८ चा सप्टेंबरातला, २०१६ चा २ ऑगस्टचा आणि २०१९ चा ४ ऑगस्टचा आम्हीच बघितला. पाणी वाढलं की सगळं शहर गंगेवर (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो) दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलंय ते बघायला जातं, गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला आलं, मोबाईलवर लाईव्ह चालू. टीव्हीवाले सराफ बाजार दाखवतात, भांडी बाजार दाखवतात, होळकर पुलाखालून किती क्युसेक चाललंय ते दाखवतात. व्यापाऱ्यांचं नुकसान होतंच, ते नाही म्हणत नाही मी. पण त्याच वेळेला नदीकाठच्या आणि नाल्याकाठच्या वस्त्यांमधून, आणि खाली निफाडकडे सायखेडा-चांदोरीला, बायका पोरं घेऊन बाहेर पडत असतात, आणि त्यांची बातमी एका ओळीत येते, "अमुक कुटुंबांना सुरक्षित स्थळी हलवले." त्या एका ओळीत काय काय होतं ते तुम्हाला सांगायचंय.

आधी बाहेर पडण्याचंच घ्या. गंगापूर धरण शहराच्या डोक्यावर आहे, तिथून सोडलेलं पाणी काही तासांत रामकुंडाला लागतं, म्हणजे वेळ मुळातच कमी. त्यात गाडी फिरवून स्पीकरवर सांगतात ती वेळ बहुतेकदा दिवसाची, आणि त्या वेळेला आमच्या बायका कुठे असतात तर कॉलेज रोडला नाहीतर गंगापूर रोडला कोणाच्या तरी घरी भांडी घासत असतात. घरी म्हातारी सासू, लहान पोरं, आणि कामाला न गेलेला असला तर नवरा. बाई निरोप मिळून धावत येते तोवर पाणी गल्लीत. आता तिच्याकडे अर्धा तास आहे समजा. त्यात तिने आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, पोरांचे दाखले शोधायचे, धान्याचा डबा माळ्यावर टाकायचा, सिलेंडर बांधून ठेवायचा, शिलाई मशीन असेल तर ते टेबलावर चढवायचं, म्हातारीची गोळ्यांची पिशवी घ्यायची, आणि वर बाहेरून कोणीतरी ओरडतं, "ओ ताई, जिवापेक्षा सामान मोठंय का!" अहो ते सामान म्हणजेच पुढच्या सहा महिन्यांचं जगणं आहे, ओरडणाऱ्याला काय जातंय.

आणि बायका बाहेर पडायला तयार होत नाहीत असं तुम्ही लोक म्हणता ना, अडाणी आहेत, ऐकत नाहीत, तर त्याची कारणं एकदा विचारून बघा. वाड्यात राहणाऱ्या भाडेकरू बाईला भीती असते की एकदा बाहेर पडलो की मालक परत आत घेणार नाही, धोकादायक वाड्याची नोटीस तर दारावर चिकटलेलीच असते, वाडा पडला तर भाडेकरूला विचारतंय कोण. झोपडीतल्या बाईला भीती की मागे जागा दुसऱ्याने धरली तर. चोरीची भीती आहेच. पण सगळ्यात पहिला प्रश्न जो प्रत्येक बाई विचारते तो वेगळाच आहे, आणि तो तुमच्या मीटिंगमध्ये कधी कोणी विचारला असेल असं मला वाटत नाही. ती विचारते, "तिथे संडासचं काय?"

म्हणजे बघा, शाळा ही पोरांसाठी बांधलेली असते. संडास छोटे, कड्या तुटलेल्या, बल्ब नाही, पाणी बादलीने न्यायचं, आणि रात्री पटांगण ओलांडून पलीकडे जायचं. एका वर्गात चार-पाच कुटुंबं, बाकं भिंतीला लावलेली, व्हरांड्यात पुरुष झोपलेले, त्यातले काही पिऊन आलेले. पंधरा-सोळा वर्षांची पोरगी रात्री त्या व्हरांड्यातून एकटी जाणार का? नाही जात. मग आई तिला उठवून पहाटे नेते, आणि दिवसभर दोघी पाणी कमी पितात म्हणजे जावंच लागू नये. आंघोळ चार वाजता, अंधारात, दोन बायकांनी साडी धरायची आणि तिसरीने उरकून घ्यायचं. पाळी आलेली असेल तर कपडा धुवायचा कुठे, वाळत घालायचा कुठे, पॅड वापरलं तर टाकायचं कुठे, आणि मागायचं कोणाकडे, तर वीस-बावीस वर्षांच्या स्वयंसेवक पोराकडे, तो बिचारा स्वतःच लाजून लाल होतो.

आता गंमत सांगते. हे सगळं नीट कसं असावं याचे नियम सरकारकडे आधीपासून आहेत. आपत्तीच्या त्या २००५ च्या कायद्याच्या १२ व्या कलमात लिहिलंय की छावणीत निवारा, अन्न, पाणी, औषधोपचार, स्वच्छता यांचं किमान प्रमाण ठरवायचं, आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ ला ते ठरवून पण दिलंय. माणशी साडेतीन चौरस मीटर छपराखालची जागा, ३० माणसांमागे एक संडास, तो राहायच्या जागेपासून ५० मीटरच्या आत, बायका-मुलांसाठी संडास आणि आंघोळीची जागा वेगळी, संडास-आंघोळीसाठी माणशी निदान १५ लिटर पाणी, आणि बायकांसाठी वेगळं किट ज्यात पॅड आणि ते टाकायच्या कागदी पिशव्या. आमच्या गटातल्या एका पोरीने मोबाईलवर शोधून हे वाचून दाखवलं तेव्हा सगळ्या हसल्याच, एक मावशी म्हणाली की हे कोणत्या देशाचं आहे गं. आपल्याच देशाचं आहे मावशी. म्हणजे नवीन योजना आणा असं आम्ही म्हणतच नाहीये. ज्या शाळा तुमच्या यादीत निवारा म्हणून आहेत, त्यांच्या संडासांच्या कड्या एप्रिलमध्ये जाऊन बघा, बल्ब लावा, आंघोळीला चार पत्रे उभे करून आडोसा करा. याला कितीसा खर्च येतोय.

कपड्यांचं बोलते, कारण तो माझा धंदा आहे. पूर आला की लोक मनापासून मदत करतात, गाठोडीच्या गाठोडी येतात, नाशिककर त्या बाबतीत हात आखडत नाहीत. पण येतं काय? साड्या. साड्यांचा ढीग. परकर नाही, ब्लाऊज नाही, आला तर कोणाच्या अंगाला न बसणारा. परकर आला तर त्याला नाडी नाही, सांगा आता साडी कशावर नेसायची? आतले कपडे तर कोणी देतच नाही, द्यायला आणि मागायला दोन्हीकडे लाज. मी त्या दिवसांत शाळेच्या व्हरांड्यात बसून हाताने नुसत्या नाड्या ओवल्यात आणि ब्लाऊज उसवून मोठे केलेत. तेव्हा तुमच्या किटमध्ये साडीऐवजी गाऊन टाका, त्यावर ओढणी, नाडीसकट परकर, नवीन निकर दोन-तीन मापाच्या, पॅड, साबण, एक झाकणाची बादली, एक टॉर्च आणि कागदपत्रांसाठी चेनची प्लॅस्टिक पिशवी. वाटायला बाई बसवा. एवढं केलं तरी निम्मी बोलणी बंद होतील.

आता पैशाचं. पाणी उतरलं की पंचनामा होतो, आणि इथे बाई परत गायब होते. कुटुंबाला मदत म्हणजे घरमालकाला किंवा नवऱ्याला मदत, त्याच्या नावाने, त्याच्या खात्यात. आता विचार करा, २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात स्पष्ट आहे की रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईचं नाव लागणार. म्हणजे गहू-तांदूळ घेताना कुटुंबप्रमुख मी, आणि पुराचे पैसे घेताना तो? आणि खात्याचं कारण तर सांगूच नका आता. लाडकी बहीणसाठी तुम्ही २०२४ मध्ये घराघरातल्या बायकांची आधार जोडलेली खाती गोळा केलीत, दर महिन्याचे १५०० रुपये त्याच खात्यात येतात. ते खातं निवडणुकीला सापडतं, पुराला का सापडत नाही? (हे जरा तिखट झालं, पण राहू दे.) सगळेच नवरे वाईट असतात असं कोणी म्हणत नाही, माझा चांगलाच आहे. पण ज्या घरात दारू आहे त्या घरात ते पैसे कुठे गेले हे वस्तीतल्या कोणालाही विचारा, आणि त्या पैशावरून त्या बाईने किती मार खाल्ला तेही विचारा. १८१ हा बायकांच्या मदतीचा नंबर आहे म्हणे, तो शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेला मी तरी नाही पाहिला.

त्यात अजून एक अट. कपडे आणि भांड्यांच्या मदतीसाठी मूळ निकषात घर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात असायला लागतं. कधी कधी सरकार ही अट शिथिल करतं, पण त्याची घोषणा होईपर्यंत वाट बघायची. आणि नाशिकचा पूर कोल्हापूर-सांगलीसारखा ठाण मांडून बसत नाही. २०१९ ला तिकडे आठवडाभर पाणी होतं, आपल्याकडे धरणाचा विसर्ग कमी केला की एका रात्रीत उतरतं. पण एका रात्रीत पण गादी भिजायची ती भिजतेच ना, पीठ जायचं ते जातंच, आणि गाळ घरात फूटभर बसतो तो बसतोच. त्या वर्षी सरकारने ग्रामीण भागात १०,००० आणि शहरात १५,००० रुपये कुटुंबामागे जाहीर केले होते, चांगलीच गोष्ट होती. पण कुटुंब म्हणजे कोण हा प्रश्न तसाच राहिला. एका खोलीत सासू वेगळी चूल करते, सून वेगळी, त्यात नवऱ्याने सोडलेली नणंद दोन पोरांसह पडवीत राहते, कागदावर मात्र एकच घर आणि एकच नाव. ती नणंद कोणाच्या पंचनाम्यात बसते ते मला सांगा.

आपत्तीच्या कायद्यात बायकांसाठी खास तरतूद शब्दशः कोणासाठी आहे तर विधवा आणि अनाथांसाठी. विधवांसाठी आहे ते हवंच, त्यात दोन मतं नाहीत. किमान प्रमाणाच्या नियमात तर असं आहे की अशा बाईला नवरा गेल्याचा दाखला १५ दिवसांत द्यायचा आणि मदत ४५ दिवसांत पोचवायची. इर्शाळवाडीला १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली, २७ जणांचे मृतदेह मिळाले आणि शोध थांबवला तेव्हा ५७ जण सापडलेलेच नव्हते. अशा ठिकाणी दाखला लवकर मिळणं किती मोठी गोष्ट आहे, नवरा गेला हे माहितीय पण कागद म्हणतो बेपत्ता. पण ज्या बाईचा नवरा जिवंत आहे आणि नांदवत नाही, किंवा दुसऱ्या बाईकडे राहतो, किंवा जिचं लग्नच झालं नाही आणि आईवडिलांच्या खोलीत राहून चार घरची कामं करते, ती तुमच्या कोणत्या रकान्यात? आमच्याकडे अशा बायका घरटी नाही पण गल्लीटी तरी निघतील. पूर आला की भाऊ म्हणतो तुझं काय नुकसान झालं, घर तर माझं होतं.

कामाचं नुकसान तर कोणी मोजतच नाही. घरकाम करणारी बाई शाळेत अडकली की तिचे खाडे पडतात, काही मॅडम समजून घेतात, काही दुसरी बाई लावून मोकळ्या होतात. २००८ ला घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला, नोंदणी केलेल्या बायकांची यादी असते, मग पुरातल्या खाड्यांची भरपाई त्या यादीतून देता येणार नाही का? घाटावर बुधवारच्या बाजारात भाजी विकणारीचा माल वाहून गेला तर पंचनामा कोण करतो, रामकुंडावर हार-दिवे विकणारीचा कोण करतो? माझ्या ओळखीच्या एका बाईच्या मशीनची मोटर पाण्यात गेली, पंचनाम्याला आलेले म्हणाले पुसून चालू होईल. चालू झाली नाही. हातमाग आणि हस्तकलेच्या कारागिरांच्या हत्यारांसाठी मदतीच्या निकषात तरतूद आहे, पण ब्लाऊज शिवणारी बाई कारागीर धरत नाहीत. गटाचे पापड, मसाला, शेवया, सगळा माल घरात साठवलेला असतो कारण गोडाऊन कुठून आणणार, तो भिजला तर "घरगुती सामान". आणि मायक्रोफायनान्सचा माणूस मात्र ठरलेल्या वारी शाळेच्या गेटवर हजर! हप्ता थांबवायचे आदेश काढायचे तर ते पूर उतरल्यावर महिन्याने काढून उपयोग नाही, त्याच आठवड्यात काढा.

आणि परत घरी गेल्यावरचा गाळ. तो कोण काढतं? पुरुष कामाला निघून जातात, जावंच लागतं, आणि बाई घमेलं घेऊन चार-पाच दिवस तो घाण वास मारणारा चिखल उपसत बसते, पायाला चिखल्या होतात, अंगावर खाज उठते, तिचं कामही बंद आणि या मजुरीचा पैसाही नाही. महापालिका रस्त्यावरचा गाळ काढते, दारापर्यंत. दाराच्या आतला आमचा.

अवघडलेल्या बायकांचं वेगळं सांगते कारण ते सगळ्यात सोपं आहे. वस्तीत कोणती बाई कितव्या महिन्यात आहे, कोण बाळंतीण आहे, हे आशाताईच्या वहीत लिहिलेलं असतं. अंगणवाडी सेविकेलाही माहीत असतं. धरणातून पाणी सोडायचं ठरलं की पहिला फोन या दोघींना जाऊ दे, त्या बरोबर सांगतील आधी कोणाचं दार वाजवायचं आणि कोणाला शाळेत न नेता सरळ दवाखान्यात न्यायचं. याला ॲप लागत नाही.

आता कायमच्या हलवण्याचं. २००८ च्या पुरानंतर नदीला पूररेषा म्हणून निळी रेषा, लाल रेषा आखल्या, निळ्या रेषेच्या आतल्यांना नोटिसा येतात, त्यांना दुसरीकडे घरं द्यायची चर्चा होते. आम्हाला काय नदीत राहायची हौस नाहीये. पण घरकुलं शहराच्या कुठल्या टोकाला असतात ते बघा. जिची कामं पंचवटीत आणि गंगापूर रोडला आहेत तिला चुंचाळे शिवारात घर दिलं तर दोन बस बदलून सकाळी सातला ती कामावर पोचणार कशी, आणि पोरं शाळेतून आल्यावर त्यांना बघणार कोण, इथे शेजारीण बघते. मग होतं काय, घराला कुलूप लावून किंवा भाड्याने देऊन ती परत नदीकाठी येते आणि तुम्ही म्हणता यांना घरं दिली तरी विकतात. विकण्याआधी तिचं काम तुटलेलं असतं हे कोणी बघत नाही. आणि घर द्याल तेव्हा बाईचं नाव त्यात लावा, आवास योजनेत नवराबायको दोघांच्या नावाने द्यायचं आहेच, पण नाव आहे हे बाईला माहीत पण असू द्या, कागदाची झेरॉक्स तिच्या हातात द्या.

बायकांना विचारून पुनर्वसन करणं महाराष्ट्राला जमत नाही असंही नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबादमध्ये ५२ गावं नवीन जागी उठवून बसवली, आणि बाकीच्या शेकडो गावांमध्ये लोकांनी आपापली घरं जागेवर दुरुस्त केली, बांधली. त्या गावांमध्ये स्वयम् शिक्षण प्रयोग संस्थेच्या प्रेमा गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महिला मंडळांमधल्या बायकांना संवाद सहायक म्हणून उभं केलं होतं. सरकारची मदत काय आहे, हप्ता कधी मिळणार, बांधकामात सळई कुठे घालायची हे या बायका गावात समजावून सांगायच्या आणि गावाचं म्हणणं इंजिनिअरला सांगायच्या. तेव्हा मोबाईल नव्हता, बायका घुंगट-पदरातल्या होत्या, तरी जमलं. म्हणजे तीस वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या शेतकरी बायकांना जे करता आलं ते नाशिकसारख्या शहरात आज का करता येणार नाही? इथे तर दर वस्तीत पाच-सात बचत गट आहेत.

आणि कृपा करून पैसा नाही, जागा नाही, अनुभव नाही असं सांगू नका. आपण दर बारा वर्षांनी कुंभमेळ्याला तपोवनात साधुग्राम उभं करतो. लाखो माणसांसाठी संडास, पाणी, लाईट, दवाखाना, रस्ते, हरवलेल्यांसाठी केंद्र, सगळं दोन-तीन वर्षं आधी कागदावर येतं, नकाशे निघतात, टेंडर निघतात. तात्पुरती वस्ती कशी करायची हे नाशिकला देशात कोणी शिकवायची गरज नाही. आता २०२७ च्या सिंहस्थाचं पहिलं अमृतस्नान कधी आहे, २ ऑगस्टला. २०१६ चा पूर कोणत्या तारखेला आला होता ते वर लिहिलंय, परत एकदा बघा. मला भविष्य सांगायचं नाहीये, पण ऐन पावसाळ्यात शाळा बंदोबस्ताच्या पोलिसांना राहायला दिलेल्या असल्या आणि त्याच दिवशी गंगेला पाणी आलं, तर वाघाडीच्या बायका आणि पोरं कुठे न्यायची, हे तुमच्या कुंभाच्या नकाशावर दाखवलंय का? दाखवलं असेल तर आम्हाला बघायचंय. नसेल तर ते आत्ताच ठरवा, आणि साधूंसाठी जे हजारो संडास येणार आहेत त्यातले थोडे मेळा संपल्यावर भंगारात न देता या निवाऱ्याच्या शाळांना बसवा.

मागणं एवढंच आहे की मान्सूनपूर्व बैठकीत वस्तीतल्या बायका बसवा. नगरसेविका असतात, त्या आमच्याच आहेत, पण मी म्हणते ज्या प्रत्यक्ष त्या वर्गात झोपल्यात त्या. एक आशाताई, एक अंगणवाडीताई, एक घरकाम करणारी, एक वाड्यातली भाडेकरू. शाळांची यादी आमच्यासमोर वाचा, आम्ही सांगतो कोणत्या शाळेत पाणीच घुसतं, कोणत्या शाळेचा संडास बंद आहे आणि कोणत्या शाळेसमोर देशी दारूचं दुकान आहे. पंचनाम्याच्या पथकात प्रत्येक वस्तीत एक बाई द्या, फॉर्मवर एक ओळ वाढवा, "घरातील महिलेचे नुकसान झालेले कामाचे साहित्य", आणि मदत रेशनकार्डावरच्या कुटुंबप्रमुख बाईच्या खात्यात टाका, तिला कोणी विरोध केला तर कायदा दाखवा.

मीटिंगचा दिवस आणि वेळ चार दिवस आधी कळवा. सकाळची ठेवू नका, सकाळी आमच्या नळाला पाणी येतं आणि कामं असतात, संध्याकाळी स्वयंपाक. दुपारी एक ते तीन बरं पडेल. पोरं बरोबर असतील काहींची, तेवढं गेटवरच्या वॉचमनला सांगून ठेवा, मागच्या वेळेला एका ऑफिसात निवेदन द्यायला गेलो तर त्यानेच अडवलं होतं.

आपली,
पंचवटीतली एक शिवणकामवाली, आणि बचत गटातल्या सगळ्याजणी